वृद्धाश्रमाची इमारत दुरुस्तीला काढताना रहिवाशांना कसं हलवायचं

वृद्धाश्रमाच्या स्लॅबचे पोपडे पडायला लागतात, स्ट्रक्चरल ऑडिट होतं, दुरुस्ती ठरते. ठेकेदार "पंधरा तारखेला माल उतरवतो" असं सांगून जातो आणि मग व्यवस्थापक चाळीस म्हाताऱ्या माणसांसाठी जागा शोधत फोन फिरवत बसतो. हा क्रमच उलटा आहे. जागा, माणसं, कागद आणि औषधं यांची जुळवाजुळव झाली की आपण ठेकेदाराला तारीख द्यायची असते. त्याच्याकडून घ्यायची नसते.

घर बदलणं तरुण माणसाला कटकटीचं असतं, पंच्याऐंशीच्या माणसाला ते जिवावर बेतू शकतं. २०११च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर जपानमधल्या मिनामिसोमा शहरातल्या पाच शुश्रूषागृहांतून हलवलेल्या वृद्धांचा अभ्यास झाला. त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण आधीच्या काळाच्या सुमारे २.७ पट झालेलं आढळलं, आणि पाचही ठिकाणी ते सारखं नव्हतं. कुठून कसं हलवलं आणि पुढे शुश्रूषा कशी मिळाली, याने फरक पडला. तुमच्याकडे भूकंप नाही, त्सुनामी नाही. तयारीला महिना-दोन महिने आहेत. ते वापरा.

हे मार्गदर्शन वृद्धाश्रम, शुश्रूषा केंद्र आणि डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) केअर होम चालवणाऱ्यांसाठी आहे. ज्यांचे आईवडील अशा ठिकाणी आहेत त्यांनीही वाचावं, म्हणजे संस्थेला काय विचारायचं ते कळेल.

टप्पा १ : अहवाल वाचा आणि अभियंत्याकडून लेखी उत्तरं घ्या

मुंबई-ठाण्यासह महापालिकांच्या हद्दीत धोकादायक इमारतींचे वर्ग ठरलेले आहेत. सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करायची किंवा काही भाग पाडायचा. सी-२बी म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती.

बहुतेक संस्था अडकतात त्या सी-२बी वर. "रिकामी करायची गरज नाही" हे वाचून विश्वस्त मंडळी निर्धास्त होतात. पण तो शेरा इमारतीबद्दल आहे. ज्यांना चार मिनिटांत जिना उतरता येत नाही, ज्यांचा दम धुळीने उखडतो, ज्यांना काँक्रीट फोडणाऱ्या ब्रेकरचा आवाज म्हणजे बॉम्ब वाटतो, त्यांचा विचार त्यात केलेला नसतो. तो आपण करायचा.

अभियंत्याला हे प्रश्न ईमेलवर विचारा आणि उत्तरंही ईमेलवरच घ्या:

- कोणत्या खोल्यांच्या वरचा स्लॅब आणि कोणते कॉलम, कोणत्या क्रमाने घेणार?
- टेकू कुठे लागणार? ते खालच्या सगळ्या मजल्यांवरून सलग जमिनीपर्यंत येणार का? वरचे टेकू खालच्या कमकुवत स्लॅबवर टेकवून ठेवले, तर ओझं फक्त एक मजला खाली सरकतं.
- लिफ्ट, पाणी, वीज आणि ड्रेनेज किती दिवस बंद राहणार?
- फोडाफोडी कोणत्या वेळात होणार?
- एका बाजूला काम चालू असताना बाहेर पडायचे दोन रस्ते मोकळे राहणार का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "एकच" असं आलं, तर वरच्या मजल्यावर कुणालाही ठेवू नका.

मुदतीचंही बोलून घ्या. प्लास्टर काढल्याशिवाय गज किती खाल्ले गेलेत ते दिसत नाही, त्यामुळे अंदाजपत्रक आणि मुदत दोन्ही वाढतात. ही ठेकेदाराची लबाडीच असते असं नाही, कामाचा स्वभावच तसा आहे. तो तीन महिने म्हणाला तर पर्यायी जागेचा करार पाच महिन्यांचा करा आणि पुढे महिन्या-महिन्याने वाढवता येईल असं कलम घाला. कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाळा धरूनच चला. फेब्रुवारीत सुरू केलेलं काम जूनमध्ये गच्चीवर अडकलं, की ताडपत्रीखाली पूर्ण पावसाळा जातो.

सावध : अहवाल सी-१ असेल किंवा अभियंत्याने "तातडीने" हा शब्द वापरला असेल, तर पुढचे टप्पे निवांतपणे करायला वेळ नाही. त्याच दिवशी लेखी सूचनेनुसार टेकू लावून घ्या, धोक्याच्या खोल्या रिकाम्या करा, जेवणघर किंवा सभागृह त्या स्लॅबखाली असेल तर तेही बंद करा आणि महापालिकेला कळवा.

टप्पा २ : माणसांची यादी, प्रवासाच्या हिशेबाने

तुमच्याकडे खोलीनुसार यादी असते, फीनुसारही असते. आता हलवण्याच्या दृष्टीने नवी यादी लागेल. चार गट करा.

१. स्वतः चालणारे, गाडीत बसू शकणारे.
२. व्हीलचेअर लागणारे, पण बसून प्रवास करू शकणारे.
३. अंथरुणाला खिळलेले. नाकातून नळी, कॅथेटर (लघवीची नळी), बेडसोअर (पडून राहून झालेल्या जखमा) किंवा ऑक्सिजन असलेलेही यातच.
४. डिमेन्शियाचे. पायाने धडधाकट, पण एकटे सोडता न येणारे.

चौथ्या गटाचा अंदाज हमखास चुकतो. "ते काय, चालतात की" म्हणून त्यांना पहिल्या गटात घातलं जातं, आणि गाडी सिग्नलला थांबली की आजोबा दार उघडायला लागतात. त्यांच्यासोबत माणशी एक ओळखीची मावशी किंवा ब्रदर धरा. नवीन माणूस चालणार नाही.

नियमित डायलिसिसवर असलेल्यांसाठी नव्या जागेपासून केंद्राचं अंतर आधी बघा. ज्यांचे शेवटचे दिवस चालू आहेत, त्यांना हलवायचं की सुरक्षित बाजूला ठेवायचं हे डॉक्टर आणि नातेवाईक यांनी मिळून ठरवावं. तो निर्णय व्यवस्थापकाने एकट्याने घेऊ नये.

मग येतो "आम्ही आईला दोन महिने घरी नेतो" हा प्रस्ताव. खर्च वाचतो म्हणून संस्था लगेच हो म्हणतात. आधी विचारा: संडास कमोडचा आहे का, रात्री उठवायला कोण आहे, घर कितव्या मजल्यावर, इन्सुलिन कोण देणार? आनंदाने नेलेली बरीच माणसं आठवड्याभरात परत येतात, कारण मुलाची रजा संपते. नव्या जागेत दोन-तीन खाटा अशा परतणाऱ्यांसाठी मोकळ्या ठेवा.

टप्पा ३ : जागा बघायला टेप घेऊन जा

सगळ्यात चांगला पर्याय म्हणजे दुसऱ्या वृद्धाश्रमातल्या किंवा छोट्या रुग्णालयातल्या रिकाम्या खाटा, मग त्या दोन-तीन ठिकाणी विभागून का असेनात. बंद पडलेल्या रुग्णालयाचा मजला त्याच्या खालोखाल चांगला. तिथे रुंद दारं आणि स्ट्रेचरची लिफ्ट असते, पण पाण्याच्या लाइन आणि वायरिंग तपासून घ्यावी लागते. सुट्टीतलं वसतिगृह स्वस्त पडतं, मात्र जूनमध्ये मुलं परत येतात तेव्हा तुमचं काम अर्धवटच असतं.

मंगल कार्यालय आणि धर्मशाळा पुन्हा पुन्हा सुचवल्या जातात. आगीनंतर किंवा पुरात दोन रात्रींसाठी ठीक. चार महिन्यांसाठी मुळीच नाही. संडास मागच्या अंगणात, तेही भारतीय बैठकीचे, हॉलमध्ये आडोसा नाही, आणि लग्नसराईत शेजारच्या लॉनवर रात्री बारापर्यंत बँड.

जागा बघताना हे मोजा:

- दारं. साधी व्हीलचेअर सुमारे ६५ सेंटिमीटर रुंद असते. त्यात ढकलणाऱ्याचे हात आणि वळण धरलं, तर दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर हवी. बाथरूमचं दार वेगळं मोजा, ते नेहमी अरुंद असतं.
- रॅम्प. उतार १ ला १२ हवा. दारात पंधरा-पंधरा सेंटिमीटरच्या दोन पायऱ्या असतील, तर रॅम्प ३.६ मीटर लांब लागेल. पायऱ्यांवर टाकलेली प्लायवुडची फळी म्हणजे रॅम्प नव्हे.
- लिफ्ट. स्ट्रेचर आडवं जातं का? चार माणसांच्या लिफ्टमध्ये जात नाही. लिफ्ट बंद पडली तर खाली कसं आणणार, हे जिन्यात उभं राहून ठरवा.
- संडास. कमोड किती, पकडायला दांडे आहेत का, खाटेपासून किती पावलं?
- प्लग. एअर मॅट्रेस, कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र), सक्शन मशीन (घशातला कफ ओढणारं), नेब्युलायझर (वाफेतून औषध देणारं). प्रत्येक खाटेपाशी जोडणी हवी. एका एक्स्टेन्शन बोर्डावर तीन यंत्रं लावू नयेत.
- वीज गेल्यावर. जनरेटर किंवा इन्व्हर्टरवर नेमकं काय चालतं, ते मेन स्विच पाडून बघा. मालकाच्या शब्दावर जाऊ नका.
- पाणी. घरगुती वापराला माणशी रोज १३५ लिटर धरतात. अंथरुणाला खिळलेल्यांच्या चादरी आणि कपडे धरले तर त्याहून जास्त लागतं. टाकीची क्षमता विचारा, आणि टँकर आत वळतो का तेही बघा.

अग्निसुरक्षेचे कागद मागा. महाराष्ट्रात परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैत अग्निशमन यंत्रणेच्या देखभालीचा फॉर्म बी द्यावा लागतो. शेवटचा कधीचा आहे ते बघा. आपली इमारत सुरक्षित करण्यासाठी माणसं बाहेर काढायची आणि त्यांना खिडक्यांना गज लावलेल्या, एका जिन्याच्या जागेत नेऊन ठेवायचं, याला काही अर्थ नाही.

पडताळा : जागा रात्री नऊनंतर एकदा बघा. दिवे, डास, आवाज, रस्त्यावरची कुत्री आणि रुग्णवाहिकेला वळायला जागा, हे सगळं तेव्हाच कळतं.

टप्पा ४ : आधी रहिवाशांना, मग नातेवाइकांना

बहुतेक ठिकाणी नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सूचना जाते, आणि आजींना ती मुलाच्या फोनवरून कळते. मग "आम्हाला टाकून देणार" अशी कुजबुज जेवणघरात सुरू होते. ज्यांना समजतं त्यांना आधी सांगा. समोर बसून आणि छोट्या गटात. का जायचं, कुठे, किती दिवस, खोलीत सोबत कोण, परत हीच खोली मिळणार का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माहीत नसेल तर "बघू" म्हणा, खोटं "हो" नको. वर्षानुवर्षं खिडकीजवळच्या खाटेवर झोपलेल्या बाईला ते "हो" बरोबर लक्षात राहतं.

कुणी ना कुणी पितृपक्षात किंवा अमावास्येला हलायला नकार देईलच. वाद घालू नका, तारीख थोडी मागे-पुढे करा. माणूस मनाने तयार असला तर नव्या जागी दोन घास जास्त खातो.

डिमेन्शिया असलेल्यांना महिनाभर आधी सांगून उपयोग नाही, नुसती धास्ती वाढते. त्यांना त्याच दिवशी सकाळी, साध्या शब्दांत सांगावं.

नातेवाइकांच्या पत्रात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: नवा पत्ता आणि भेटीची वेळ, फी तीच की बदलणार, रुग्णवाहिकेचा खर्च कुणाचा, आणि परतीची अंदाजे तारीख. संमतीवर सही घ्या. रहिवासी स्वतः सही करू शकत असेल तर त्याचीच. मुलगा अमेरिकेत असेल तर ईमेल चालेल, फोनवरचं "हो हो, तुम्ही बघा" चालणार नाही. ज्यांना कुणीच नाही त्यांच्यासाठी संस्थेच्या समितीचा ठराव करा आणि स्थानिक पोलीस ठाण्याला दोन्ही पत्त्यांसह यादी द्या. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन, १४५६७, दोन्ही ठिकाणी भिंतीवर लावा.

टप्पा ५ : कागद आणि औषधं

प्रत्येकाचं एक पान तयार करा. एकच पान. जाड फाइल रुग्णवाहिकेत कुणी उघडत नाही. त्यावर फोटो, नाव आणि हाक मारायचं नाव, आजार, ॲलर्जी, चालू औषधं वेळेसह, शेवटचा डोस कधी दिला, खाण्याचा प्रकार (मऊ, पातळ, नळीने), पडण्याचा किंवा ठसका लागण्याचा धोका, रात्रीच्या सवयी, आणि दोन नातेवाइकांचे फोन. औषधांच्या रकान्यावर डॉक्टरांची सही हवी. याच निमित्ताने उशीखालच्या डब्यातल्या गोळ्या, मुलीने आणून दिलेलं काढ्याचं पाकीट, जुन्या डॉक्टरांची अर्धी स्ट्रिप, सगळं डॉक्टरांसमोर ठेवा. काय चालू ठेवायचं ते त्यांनाच ठरवू द्या.

औषधं प्रत्येकाच्या नावाच्या पिशवीत, किमान सात दिवसांची. ती पिशवी टेम्पोत नाही, माणसासोबत जाते. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायचं असतं, पण बर्फाला चिकटून ठेवलं तर गोठून वाया जातं. डब्यात बर्फाचा पॅक, त्यावर जाड टॉवेल, मग इन्सुलिन. नव्या जागेचा फ्रिज आदल्या दिवशी चालू करून ठेवा.

मधल्या काळात नोव्हेंबर येत असेल तर निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला विसरू नका. रहिवासी एका तालुक्यात आणि बँक दुसऱ्या, अशी गत होते. डिजिटल जीवन प्रमाण घरबसल्या करता येतं, त्याला आधार आणि मोबाइल हाताशी हवा. पोस्टमनलाही नवा पत्ता द्या, अजून बऱ्याच जणांची पत्रं येतात.

पडताळा : दुसऱ्या मजल्यावरच्या सिस्टरला तळमजल्यावरच्या रहिवाशाचं पान द्या आणि विचारा, "यांना आज रात्री काय काय द्यायचं?" फोन न करता सांगता आलं तर पान बरोबर.

टप्पा ६ : सामान

एका माणसाचं सामान तीन भागांत: सोबतची पिशवी, टेम्पोत जाणारी पेटी, आणि मागे कुलूपबंद राहणारं. सोबतच्या पिशवीत चष्मा, श्रवणयंत्र आणि त्याचे सेल, कवळी, कपड्यांचे दोन जोड, डायपर, पाण्याची बाटली आणि जपाची माळ किंवा जे काही त्या माणसाच्या हातात रोज असतं ते. देवांच्या तसबिरी आणि नवऱ्याचा फोटो टेम्पोत टाकायचा नाही.

कवळ्यांकडे विशेष लक्ष द्या. गडबडीत मावशी सगळ्या कवळ्या धुवायला एकाच वाडग्यात टाकतात आणि मग कुणाची कुठली ते कळत नाही. ज्याची त्याची झाकणाची डबी, डबीवर नाव, आणि तीही रहिवाशाच्याच पिशवीत.

नव्या खोलीत खाट कशी लावायची ते आत्ताच ठरवा. जुन्या खोलीत आजोबा वर्षानुवर्षं डाव्या अंगाने उठून, भिंतीला हात लावत चार पावलांवरच्या संडासात जात होते. रात्री दोन वाजता झोपेत ते तसेच डावीकडे वळणार. तिथे भिंत असेल तर डोकं आपटतं, मोकळी जागा असेल तर पडतात. म्हणून प्रत्येकाची जुनी खाट, उठायची बाजू आणि संडासाची दिशा मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि नव्या जागी शक्य तितकं तसंच मांडा. दरवाजावर त्यांचाच जुना टॉवेल किंवा ओळखीचं कॅलेंडर टांगा. खर्च शून्य, आणि पहिल्या आठवड्यातलं पडणं-झडणं यानेच सगळ्यात जास्त कमी होतं, असं माझं ठाम मत आहे.

टप्पा ७ : रंगीत तालीम

हलवण्याच्या आठवडाभर आधी, कर्मचाऱ्यांपैकी एकाला व्हीलचेअरवर आणि एकाला स्ट्रेचरवर बसवून अख्खा रस्ता करून बघा: खोली, जिना, गेट, गाडी, नवी जागा, खाट. वजनदार ब्रदरला बसवा, सडपातळ मुलीला नको. जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर अडकतं का, रुग्णवाहिका फाटकातून आत येते का, किती मिनिटं लागतात, ते लिहून काढा. नव्या जागी एक रात्र दोन कर्मचाऱ्यांनी झोपावं. गिझर, डास आणि फ्लश यांची खरी माहिती सकाळी त्यांच्याकडून मिळेल.

टप्पा ८ : हलवण्याचे दिवस

एक दिवस नव्हे, अनेक दिवस. एका दिवसात सगळे, ही सगळ्यात मोठी चूक. नवी जागा एका रात्रीत किती जणांना नीट सांभाळू शकेल, तितकेच त्या दिवशी न्या. दोन्ही इमारतींत रात्रपाळी लागते, म्हणून त्या आठवड्यासाठी जादा माणसं आधी ठरवून ठेवा.

माझा क्रम असा:

१. आदल्या दिवशी स्वयंपाकघर, औषधांचं कपाट आणि निम्मे कर्मचारी. नव्या जागी पहिला चहा कर्मचाऱ्यांनी करून प्यावा.

२. पहिल्या दिवशी चालणारे आणि व्हीलचेअरवाले. काही राहून गेलं असेल तर ते तोंडाने सांगू शकतात.

३. दुसऱ्या दिवशी डिमेन्शियाचा गट, एकत्र, रोजच्याच मावशींसोबत. यांना शेवटी ठेवू नका. रिकाम्या होत जाणाऱ्या इमारतीत ते बिथरतात.

४. तिसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळलेले, एकेक करून. तोवर एअर मॅट्रेस फुगलेली, सक्शन चाललेलं आणि सिस्टर रुळलेली असते.

निघायचं नाश्त्यानंतर दहाच्या सुमारास आणि दुपारी चारच्या आत सगळे खाटेवर. संध्याकाळ झाली की डिमेन्शियाच्या माणसांचा गोंधळ वाढतो. लघवीची गोळी चालू असलेल्यांची त्या दिवशीची वेळ डॉक्टरांना विचारून बदलून घ्या. नळीने अन्न घेणाऱ्यांना निघायच्या किती आधी थांबवायचं, तेही विचारा. कॅथेटरची पिशवी रिकामी करा आणि ती मूत्राशयाच्या पातळीच्या खालीच ठेवा. उचलताना पोटावर ठेवायची सवय असते, ती मोडा.

मनगटाला नावाची पट्टी. पिशवीला तीच, औषधांना तीच. गेटवर एकजण यादी घेऊन बाहेर पडणाऱ्यांवर खूण करेल, नव्या दारात दुसरा आत येणाऱ्यांवर. दर फेरीनंतर दोघांनी फोनवर आकडा जुळवायचा.

सावध, ऑक्सिजन : २३ सप्टेंबर २००५ रोजी टेक्सासमध्ये रिटा वादळापासून वाचवायला निघालेल्या वृद्धांच्या बसला आग लागली आणि २३ जणांचा जीव गेला. सुरुवात चाकाच्या तापलेल्या भागातून झाली होती, बसमधल्या ऑक्सिजन सिलिंडरांनी ती भडकवली. म्हणून ऑक्सिजनवरचा माणूस रुग्णवाहिकेनेच न्यायचा, भाड्याच्या बसमध्ये सिलिंडर ठेवायचे नाहीत. रुग्णवाहिकेतही सिलिंडर पट्ट्याने बांधलेला हवा. हिशेबही करून ठेवा: बी टाइप सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन मावतो, मिनिटाला २ लिटर लागत असेल तर तासाला १२० लिटर, म्हणजे कागदावर साडेबारा तास. गेज बघितल्याशिवाय तो भरलेला आहे असं धरू नका, आणि कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो हे विसरू नका.

आणीबाणीला १०८ आहेच. पण ठरवून हलवण्यासाठी ती सेवा अडवून ठेवू नका, खासगी रुग्णवाहिका आगाऊ नक्की करा.

टप्पा ९ : पहिला पंधरवडा

माणसं पोचली की व्यवस्थापक सुस्कारा सोडतो, आणि त्रास सुरू होतो तो नेमका आता. पहिले तीन दिवस दर पाळीला हे लिहा: किती खाल्लं, किती पाणी, लघवी-संडास, झोप, पडणं. संडास लांब वाटला की म्हातारी माणसं पाणी पिणंच कमी करतात. मग बद्धकोष्ठ, मग लघवीचा संसर्ग, मग बरळणं.

कालपर्यंत नीट बोलणारी आजी अचानक भ्रमल्यासारखी करत असेल, तर "जागा बदलली ना, म्हणून" असं म्हणून सोडून देऊ नका. ताप, साखर, लघवी, ऑक्सिजन तपासा आणि डॉक्टरांना बोलवा. जागा बदलल्याचा परिणाम हे निदान बाकी सगळं तपासून झाल्यावरचं.

कूस बदलण्याचा दर दोन तासांचा तक्ता पहिल्या रात्रीपासून चालू हवा. प्रवासातल्या कडक स्ट्रेचरनंतर कंबर, टाचा आणि माकडहाड त्याच संध्याकाळी उजेडात बघा. वजन दर आठवड्याला. रात्री संडासाच्या वाटेवर दिवा चालू ठेवा, वीजबिलाचा विचार नंतर करा.

नातेवाइकांना पहिल्या आठवड्यात भेटायला बोलवा. "आधी रुळू द्या" म्हणून भेटी बंद करणाऱ्या संस्था आहेत, मला ते पटत नाही.

टप्पा १० : काही जण जुन्याच इमारतीत राहत असतील तर

एक बाजू दुरुस्तीला आणि एक चालू, हे जमतं. पण दोन्हींच्या मध्ये छतापर्यंत बंद पार्टिशन हवं, नुसता कापडी पडदा पुरत नाही. काँक्रीट फोडल्याची बारीक धूळ फुप्फुसात बसते. फोडकाम पाणी मारून करायचं आणि दुपारी एक ते तीन बंद ठेवायचं, हे करारात लिहा. कामगारांचा रस्ता, संडास आणि मालाची लिफ्ट वेगळी. रोज संध्याकाळी एकाने फिरून बाहेर पडायची वाट मोकळी आहे का ते बघावं. रात्री वाळूचा ढीग नेमका तिथेच टाकलेला असतो.

टप्पा ११ : परतणं

परत येणं सोपं वाटतं म्हणून त्याची तयारी होत नाही. उद्घाटनाची पत्रिका छापून झालेली असते, पाहुणे ठरलेले असतात, आणि त्या तारखेसाठी ओल्या भिंतींच्या खोल्यांत माणसं आणली जातात. परतीच्या तारखेचा आणि फीत कापण्याचा काहीही संबंध ठेवू नका.

परतण्याआधी हातात हवं:

- अभियंत्याचं काम पूर्ण झाल्याचं आणि इमारत राहण्यायोग्य असल्याचं पत्र. त्यात टेकू काढल्याचा उल्लेख असावा.
- लिफ्ट, वायरिंग आणि अग्निशमन यंत्रणेच्या तपासणीचे कागद.
- टाक्या धुतलेल्या, नळ भरपूर वाहू दिलेले. महिनोन्‌महिने साचलेलं पाणी थेट वापरू नका.
- रंगाचा वास गेलेला. दोन दिवस खिडक्या उघड्या ठेवून, मग एक रात्र बंद करून सकाळी हुंगा.
- प्रत्येक पकड-दांडा एका धिप्पाड माणसाने पूर्ण वजनाने ओढून बघितलेला. नव्या टाइल्समध्ये पोकळ भरावावर बसवलेला दांडा पहिल्याच आंघोळीला हातात येतो.
- फरशी ओली करून चालून बघितलेली. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल विश्वस्तांना आवडते, पण बाथरूममध्ये ती नकोच.

खोल्यांची मांडणी बदलली असेल तर खाटेची बाजू, संडासाची दिशा, रात्रीचा दिवा हे टप्पा सहाचं काम पुन्हा करावं लागेल. क्रम तोच, आधी कर्मचारी आणि औषधं, मग तीन दिवसांत तीन गट. नवी पानं छापा, कारण चार महिन्यांत औषधं बदललेली असतात. जुनं पान चुकून सोबत गेलं तर बंद केलेली गोळी पुन्हा सुरू होते. निघायच्या आदल्या दिवशी जुनी पानं गोळा करून फाडून टाका. पर्यायी जागेचा ताबा शेवटचा माणूस परतल्यावर लगेच सोडू नका, पंधरा दिवसांचं भाडं जादा धरा. पहिल्या जोरदार पावसात किंवा पहिल्याच आठवड्यात एखादी खोली गळली, तर त्या खोलीतल्यांना ठेवायला जागा लागेल.